पाया, पाणी आणि सिमेंटचा लेप

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्या भागात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे ती पोटातल्या दुखण्यासारखी आहे. पण त्याच दिवशी उत्तरेलाही एक रेघ ओढली गेली आणि तिच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. तोवरच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्याच्या दक्षिण टोकाला पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके. घरात मराठी, शाळेत हिंदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार चालते, तेवढ्यापुरते या गावाचे नाव दरवर्षी वर्तमानपत्रात येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

माझी आक्का या पांढुर्ण्याला दिलेली आहे. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी माझे तिकडे जाणे होते आणि दर वेळी वाटते की हे लोक म्हणजे आपलेच चुलत भाऊ. आपल्या घरांतून मराठी-कन्नड जसे एकाच ताटात जेवते, तशी तिथे मराठी-हिंदी. आक्काच्या घराच्या मागच्या भिंतीला जे झाले आहे त्याला तिच्या सासूबाई ओल म्हणतात, ठेकेदार सीलन म्हणतो आणि टोरांटोला असलेला माझा भाचा मॉइश्चर म्हणतो. आपल्याकडे कोणी तेव म्हणेल. भिंत मात्र एकच आहे आणि सध्या त्या घरात बोलण्याचा विषयही तोच आहे.

तो विषय मी या सदरात आणतो आहे, कारण सरहद्द माणसांना लागते, मातीला लागत नाही. पांढुर्ण्याची काळी माती आणि आपल्या अथणी, सौंदत्ती, बैलहोंगलकडची एरी या दोघी सख्ख्या बहिणी. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिजून झालेल्या. कपाशीला आणि जोंधळ्याला ही माती आईसारखी. घराला मात्र सावत्र. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची एक चिकणमाती असते. ती पाणी पिते तेव्हा फुगते आणि पाणी सोडते तेव्हा आकसते. मे महिन्यात शेतात कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्या कुठे गेल्या ते सापडत नाही, हे आपण लहानपणापासून पाहतो. तीच जमीन घराखालीही असते, एवढेच आपण विसरतो.

आक्काचे घर तीन पिढ्यांचे. पाया आणि जोते काळ्या दगडाचे, चिखलात बांधलेले. वर मातीच्या विटांच्या जाड भिंती, आत-बाहेर चुन्याचा गिलावा. साधारण वीस वर्षांपूर्वी बाहेरून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा झाला, कारण त्या वेळी गल्लीत सगळेच करत होते. आता त्या सिमेंटच्या वर, म्हणजे छातीच्या उंचीला, आतल्या बाजूने ओलीची रेघ आली आहे. रंगाचे पोपडे पडतात, लोणा लागतो, बोट फिरवले की पांढरी भुकटी हाताला येते. या भिंतीला लागून आक्काच्या सासूबाईंची खाट आहे. वय चौऱ्याऐंशी. हिवाळ्यात छाती भरते. डॉक्टरांनी खोली बदला म्हणून सांगितले आहे, आणि त्यांनी ठाम सांगितले आहे की या खोलीत मी लग्न होऊन आले, दुसऱ्या खोलीत जाणार नाही. तेव्हा खोली नाही तर भिंत बदलायची, असे ठरले.

भाच्याने दिवाळीत पैसे पाठवले आणि सोबत एक चित्रफीत पाठवली. त्याच्या नव्या घराच्या शेजारी बांधकाम चालू होते ते त्याने टिपले होते. खोल खड्डा, त्यात तळघराची भिंत, तिच्या बाहेरून एक माणूस थापीने सिमेंटचा पातळ थर चढवतो आहे, त्यावर दुसरा काळा लेप देतो आहे. भाच्याचे म्हणणे, "आजीच्या भिंतीला हेच करा, इथे उणे वीसमध्ये टिकतं तर तिथे का नाही टिकणार?" ठेकेदारानेही तेच सांगितले. जोत्याभोवती दोन फूट चर खणायचा, दगड धुऊन घ्यायचे, औषध घातलेला सिमेंटचा लेप जमिनीखालून थेट खिडकीच्या कठड्यापर्यंत न्यायचा. त्याने सांगितलेला आकडा आंबिया बहाराच्या नफ्याच्या जवळपास होता.

मी पांढुर्ण्याला पोचलो तेव्हा दाजी ती चित्रफीत मोबाइलवर तिसऱ्यांदा पाहत होते. दाजी संत्र्याचे बागायतदार. कमी बोलतात, पण पाहतात बारकाईने. त्यांनी मला एका जागी थांबवून विचारले, "मास्तर, हा माणूस लेप लावून राहिला हे खरं. पण त्याच्या पायापाशी हा भोकाभोकाचा पाइप काय करून राहिला?"

त्या प्रश्नात सगळे आले. थंड देशात घराच्या पायाला खरी भीती असते ती गोठण्याची. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे नऊ टक्के जास्त जागा मागतो. भिंतीच्या छिद्रात पाणी असेल आणि ते गोठले, तर भिंत आतून कुरतडली जाते. जमिनीतले पाणी गोठले तर ते खालून आणखी पाणी ओढून घेते, बर्फाचे थर वाढतात आणि जमीन वर उचलली जाते. म्हणून तिकडे पाया आधी इतका खोल नेतात की तिथवर जमीन गोठणारच नाही. टोरांटोत ही खोली सुमारे १.२ मीटर धरतात. मग पायाच्या कडेने खडी आणि तिच्यात भोके असलेला नळ, म्हणजे पाणी भिंतीपाशी थांबायलाच नको. मग भिंतीच्या बाहेरून सिमेंटचा थर, त्यावर डांबरी किंवा रबरी लेप. म्हणजे लेप हा सर्वांत शेवटचा पहारेकरी. त्याच्या आधी तीन जण उभे असतात. चित्रफितीत ते तिघेही होते. नजर थापीवर गेली, कारण थापी हलत होती.

पांढुर्ण्याला थंडी पडते, पहाटे शेकोटी लागते, पण जमीन गोठत नाही. भारतात हा प्रश्न लडाखसारख्या भागाचा. तरी गंमत अशी की आपल्या काळ्या मातीत जमीन उचलली जाण्याचा प्रकार अगदी त्याच जातीचा आहे. तिकडे बर्फ उचलतो, इकडे चिकणमाती उचलते. तिकडे वसंतात बर्फ वितळून जमीन बसते, इकडे उन्हाळ्यात माती आकसून बसते. दोन्हीकडे मूळ कारण एकच, पायापाशी आलेले पाणी.

दाजींना हे समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली नाही, त्यांनीच ते मला बागेत नेऊन समजावले. संत्र्याच्या झाडाला डिंक्या नावाचा रोग होतो. बुंध्याची साल फुटते, डिंक गळतो, झाड वाळत जाते. त्याची बुरशी ओल्या जमिनीतून चढते. त्यावर बागायतदार पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. निळसर बुंध्यांची रांग दिसली की बाग निगुतीची आहे असे समजावे. पण, दाजी म्हणाले, ज्याच्या बागेत बुंध्याशी पाणी तुंबते त्याने मलमाचे कितीही हात फिरवले तरी झाड जाते. म्हणून झाडाला दुहेरी आळे करायचे, पाणी बाहेरच्या आळ्यात द्यायचे, आतले आळे कोरडे ठेवायचे. पावसाचे पाणी काढायला बागेतून चर खणायचा. मलम नंतर. "झाडाले जे कळते ते घराले काऊन कळू नये?" एवढे बोलून ते पुढच्या ओळीकडे गेले.

आता त्या छातीच्या उंचीच्या रेघेकडे येतो, कारण ही रेघ आपल्याकडच्या शेकडो जुन्या घरांत आहे. जमिनीतले पाणी दगड-मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, दिव्याची वात तेल ओढते तसे. जुन्या भिंतीला चुन्याचा गिलावा असे. चुना पाण्याला अडवत नाही, वाट देतो. चढलेले पाणी जोत्याच्या जरा वर भिंतीतून बाहेर पडून वाऱ्याने सुकून जाई. दर दिवाळीला चुना लावायचा, थोडे पोपडे पडायचे ते झाडून टाकायचे, हा घराचा नेम होता. कन्नडमध्ये आपण त्याला सुण्ण म्हणतो. घर तेच, नेम तोच. सिमेंटचा घट्ट थर बाहेरून बसवला की ही वाट बंद होते. पाणी थांबत नाही. ते सिमेंट संपते तिथवर चढते आणि जिथे वाट मिळेल तिथे, म्हणजे खोलीच्या आत, बाहेर पडते. सोबत आणलेले क्षार तिथेच टाकते. तोच लोणा. कमरेपर्यंतच्या सिमेंटने ओल छातीपर्यंत नेली असेल, तर खिडकीपर्यंतचे सिमेंट ती कुठे नेईल याचा हिशेब करायला इंजिनिअर लागत नाही.

ही काही फक्त आपली गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये जुन्या इमारती जपण्यासाठी विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली एक संस्था काढली. ती आजही चालू आहे, आणि जुन्या दगडी घरांना सिमेंटचा गिलावा करू नका, चुनाच ठेवा, असे ती सांगत असते. सिमेंट जिथे शोधले गेले त्या देशाचा हा अनुभव आहे. आपल्याकडे मात्र चुना म्हणजे गरिबी आणि सिमेंट म्हणजे प्रगती असे समीकरण पक्के बसले. चुना मळणारे गवंडी म्हातारे झाले. (गवंडी हा शब्दही आपण दोन्ही भाषांत वापरतो, कन्नडमध्ये त्याचा नुसता गौंडी होतो.) पांढुर्ण्यात असा एक म्हातारा गवंडी अजून आहे, पण त्याची मुले फरशा बसवतात.

मग सौंसरचे उदाहरण निघाले. दाजींची धाकटी बहीण सौंसरला असते, तासाभराची वाट. तिच्या घराच्या जोत्याला चार वर्षांपूर्वी असाच लेप झाला आहे आणि घर ठणठणीत कोरडे आहे. मग तिथे चालले ते इथे का चालू नये? प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही जाऊन पाहून आलो. ते घर नव्या बांधणीचे, काँक्रीटच्या खांबांचे. पाया खणताना चार फुटांवर मुरूम लागला, ज्याला आपण गरसु म्हणतो. सौंसरच्या बाजूला जमिनीची जात बदलते. काळ्या पाषाणाच्या खालचे फार जुने खडक तिकडे वर येतात, संगमरवर आणि मँगनीज सापडते ते त्यांच्यातच. भूगर्भशास्त्रज्ञांनी या खडकांच्या गटाला सौंसरचेच नाव दिले आहे आणि ते नाव पार नागपूर-भंडारा-बालाघाटपर्यंतच्या मँगनीजच्या पट्ट्याला लावले जाते. तेव्हा तासाभराच्या अंतरावरच्या दोन नातेवाइकांच्या पायाखाली दोन वेगळी युगे आहेत. मुरमावर बसलेले काँक्रीट हलत नाही, त्याच्यावरचा लेप फाटत नाही. काळ्या मातीवर बसलेले दगडी जोते दर वर्षी उठते-बसते. त्याच्यावरचा सिमेंटचा थर पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात केसासारखा तडकतो. तडकीतून पाणी आत जाते आणि बाहेर यायची वाट मात्र लेपाने बंद केलेली असते.

आपली माती कोणत्या जातीची आहे हे ओळखायची एक साधी कसोटी आहे आणि ती भारतीय मानकांतही आहे. वाळवलेली माती बारीक चाळून दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे. दोन मोजपात्रांत एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल घ्यायचे. माती टाकून, ढवळून, बुडबुडे काढून चोवीस तास ठेवायचे. रॉकेलमध्ये चिकणमाती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतल्या फरकाला रॉकेलच्या आकड्याने भागून शंभराने गुणले की फुगण्याची टक्केवारी मिळते. पन्नासच्या आत असेल तर फारशी काळजी नाही, शंभरच्या वर गेली तर जाणत्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय कुदळ मारू नये. मी आक्काच्या अंगणातून खोलवरची माती पिशवीतून घेऊन आलो. मराठी शिकवणाऱ्या माणसाला मातीचे काय, असे आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना वाटले, पण मोजपात्रे मिळाली. दुसऱ्या दिवशी पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या जवळजवळ दुप्पट उंच झाली होती. ते पाहायला विज्ञानाची मुले जमली आणि त्यांतल्या निम्म्यांनी आपापल्या गावची माती आणायची कबुली दिली. हा प्रयोग नवे घर बांधणाऱ्या प्रत्येकाने करावा. घरी रॉकेल नसते हे खरे, पण गावात महाविद्यालय असते.

काळ्या मातीवर उपाय नाही असे मुळीच नाही, आणि त्यांतला एक तर आपल्या अंगणातला आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात काळ्या मातीवर बरेच काम केले. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा सुमारे मीटरभर जाडीचा थर दाबून बसवला, तर खालच्या मातीचे फुगणे आवरते, असे त्यांनी दाखवले. ही पद्धत मलप्रभेच्या कालव्यावर वापरली गेली. दुसरा उपाय रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेचा, १९५० च्या दशकातला. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल भोक पाडायचे, तळाशी ते अडीचपट रुंद करायचे आणि काँक्रीट भरायचे. कंदासारखा फुगवटा असलेला हा खांब अशा थरात रुजतो जिथे उन्हाळा-पावसाळा पोचत नाही. वरची माती काय नाचायची ती नाचो. नव्या घराला हे दोन्ही जमते. उभ्या घराला जमवणे कठीण आणि महाग. उभ्या घरापुरते एकच हातात असते: घराखालची माती वर्षभर शक्य तितकी एकसारखी ठेवायची. पार कोरडी नको, गच्च ओली नको.

त्या दृष्टीने आम्ही आक्काच्या घराभोवती फिरलो. मागच्या बाजूला कौलांचे पाणी थेट जोत्याशी पडत होते. न्हाणीची मोरी ईशान्येच्या कोपऱ्याला लागून आणि तिची नाली फुटलेली, म्हणजे तो कोपरा बारा महिने ओला. समोरच्या, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यापासून सात-आठ फुटांवर जुना कडुनिंब, जो उन्हाळ्यात जमिनीतले सगळे पाणी पितो. एक कोपरा फुगलेला, एक आकसलेला, आणि दोघांच्या मध्ये भिंतीत तिरकी भेग. ठेकेदार या भेगेतही सिमेंट भरणार होता. निंब तोडून टाका असे शेजाऱ्यांनी सुचवले, पण मोठे झाड एकदम तोडले तर ते जे पाणी पीत होते ते जमिनीत साठते आणि इतकी वर्षे आकसलेली माती फुगायला लागते. निंब राहिला. सासूबाईंना त्याचा सगळ्यांत जास्त आनंद झाला.

शेवटी फाल्गुनात काम झाले ते असे. कौलांच्या कडेला पन्हळ आणि तिचे पाणी नळाने अंगणापार. मोरीची नाली नवी, घरापासून लांब नेलेली. जोत्याभोवती मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेली फरसबंदी. बाहेरचा कमरेपर्यंतचा सिमेंटचा गिलावा छिन्नीने अलगद काढला, म्हाताऱ्या गवंड्याकडून दगडांचे सांधे चुन्याने भरून घेतले आणि वरच्या विटांना आत-बाहेर चुन्याचा गिलावा केला. खर्च ठेकेदाराच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडा जास्त आला.

भाचा मात्र नाराज झाला. लेप लावलेली, गुळगुळीत, राखाडी भिंत तो आपल्या मित्रांना दाखवणार होता. त्याला गेली ती पन्हळ आणि नालीची छायाचित्रे. "आजीसाठी पैसे पाठवले आणि तुम्ही गटार बांधलं," असे तो फोनवर म्हणाला आणि आठ दिवस बोलला नाही. आक्काला ते लागले. दूर गेलेल्या मुलाला घरासाठी काहीतरी डोळ्यांना दिसेल असे करायचे असते, हे तिला कळते. आपल्या भागातल्याही कितीतरी घरांवर परदेशातल्या पैशांचा असा एखादा ठळक ठसा असतो, कुठे दर्शनी भिंतीला ग्रॅनाइट, कुठे गच्चीवर स्टीलचे कठडे. नाली कोणी कोणाच्या नावाने बांधत नाही. दाजींनी नंतर त्याला तो भोकांचा नळ दाखवून विचारले की तुझ्या शेजाऱ्याच्या घराला हा कशासाठी आहे ते विचारून सांग. त्याने विचारले. आठ दिवसांचा अबोला त्यानंतर सुटला.

सिमेंटच्या लेपाशी माझे वैर आहे असे कोणी समजू नये. ज्यांचे घर नवे आहे, काँक्रीटच्या पायाचे आहे, त्यांनी तो जरूर करावा, पण वेळेवर, म्हणजे चर बुजवण्याआधी. काही काळ्या जमिनींत क्षार असे असतात की ते काँक्रीटला आणि आतल्या सळ्यांना खातात. तिथे जमिनीखालच्या भागाला लेप हवाच. जोत्याच्या माथ्यावर ओलरोधक थर, म्हणजे औषध घातलेले घट्ट काँक्रीट आणि त्यावर गरम डांबराचा हात, हा तर चुकवूच नये. भिंत बांधून झाल्यावर तो घालता येत नाही. लेप देताना पृष्ठभाग ब्रशने घासून धूळ काढावी. तो ओला करावा, पण पाणी साचू देऊ नये. पहिला हात आडवा, दुसरा उभा, आणि भर उन्हात काम करू नये. नंतर पाणी शिंपडत राहावे. आपल्याकडे गवंडी संध्याकाळी घरी गेला की पाणी मारायचे काम घरच्या बायकांवर पडते आणि लेपाचे निम्मे आयुष्य त्या पाण्यावर असते. तेव्हा गवंड्याला जेवढे विचारता तेवढे त्यांनाही विचारा. दगड-मातीच्या जुन्या घराला मात्र हे सगळे लागू करू नका.

यंदाचा पावसाळा संपल्यावर मी पुन्हा गेलो होतो. छातीपर्यंतची रेघ खाली आली आहे, आता ती खाटेच्या उंचीला आहे. जाड भिंत सुकायला वेळ लागतो. अजून एक-दोन उन्हाळे जातील असे म्हातारा गवंडी म्हणतो. चुन्याचा थर काही जागी गळला, तो त्याने अपेक्षितच धरला होता आणि पुन्हा भरला. सासूबाई त्याच खोलीत आहेत. खोकला यंदा कमी आहे, पण थंडी अजून पडायची आहे.

तिरकी भेग आहे तशी आहे. ती चालती आहे की थांबली हे पाहायला गवंड्याने भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना चुन्याने चिकटवली आणि दाजींनी तिच्याखाली पेन्सिलने तारीख लिहिली. भिंत जराही सरकली की काच तडकते. पहिली पट्टी मे महिन्यात तडकली. आषाढात लावलेली दुसरी मी निघालो तोवर शाबूत होती. तिसरी, येत्या उन्हाळ्यासाठीची, आक्काने कापून कपाटात ठेवली आहे.